कोपऱ्यातली बाई

पहिलीच्या वर्गाला चित्रवाचन नावाचा एक तास असतो. भिंतीवर जत्रेचा किंवा बाजाराचा तक्ता टांगायचा, छडीचं टोक त्यावर टेकवायचं आणि विचारायचं, "चित्रात काय काय दिसतं?" मुलं एकेक करून सांगतात. पाळणा, फुगेवाला, बैलगाडी, भज्यांची कढई. शिरूर तालुक्यातल्या चार शाळांत मिळून एकतीस वर्षं मी हा तास घेतला. बरोबर उत्तरं मला पाठ होती. तक्त्यात नसलेलं कुणी काही बोललं की मी म्हणायचे, "चित्रात आहे तेवढंच सांग."

इनामगावला असताना एक मुलगी खापराचा तुकडा घेऊन आली होती. तिथे नदीकाठी फार जुन्या वस्तीची पांढरी माती आहे आणि पावसाळा सरला की तिच्यातून खापरं वर येतात. तांबड्या तुकड्यावर काळ्या तिरप्या रेघा होत्या. ती म्हणाली, "बाई, ह्यो पाऊस हाय." मी म्हटलं, "रेघा आहेत. टाकून दे आन् हात धुऊन ये." तिने हात धुतले, पण खापर फ्रॉकच्या खिशात घातलं. मुलांना भलतंसलतं बघायची सवय लावत नाही म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश असायचे. चित्र कसं बघावं हे मला शिकवायला कुणी यावं असं मला कधीच वाटलं नाही.

माझा डावा डोळा चौथ्या वर्षी गेला, खुटबावला, माहेरी. गोवर आला आणि जाताना डोळ्यात फूल टाकून गेला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. मला त्याने दोन दिले होते, एक परत नेला. गावात मग माझं नाव मागे पडलं आणि 'काणी' पुढे आलं. शाळेत मास्तरीण झाले तरी पाठीमागे पोरं तेच म्हणायची, मला ऐकू यायचं. डोक्यावरचा पदर डाव्या बाजूने पुढे ओढून घ्यायची सवय तेव्हापासूनची आहे. नवरा मात्र चांगला मिळाला. जेवताना, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, तो कायम माझ्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे मला त्याच्याकडे बघायला मान वळवावी लागू नये. यावर आम्ही कधी बोललो नाही. तो गेला त्याला आता आठ वर्षं झाली.

तो गेला तेव्हापासून कपाळ मोकळं आहे. 'असल्या रूढी मोडल्या पाहिजेत' हे मी फळ्यावर लिहून द्यायचे. पण स्वतःच्या कपाळाची वेळ आली तेव्हा जावेच्या तोंडाकडे बघितलं आणि कुंकवाची डबी कपाटात ठेवून दिली. मुलगा हिंजवडीला असतो. रविवारी फोन करून "जेवलीस का?" विचारतो, मी "हो" म्हणते, आणि पुढच्या रविवारपर्यंत आमचं बोलणं पुरतं.

सणसवाडीत आमच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर आता आठ खोल्यांची रांग आहे. कंपन्या आल्या, तशा आजूबाजूच्यांनी ज्वारी मोडून खोल्या बांधल्या, आम्हीही बांधल्या. पोरं येतात, वर्ष-सहा महिने राहतात, कंत्राट संपलं की जातात. बिहारपासून ओडिशापर्यंतच्यांशी बोलून बोलून माझ्या तोंडात एक हिंदी तयार झाली आहे, तिला हिंदी म्हणायचं की नाही ते ऐकणाऱ्याने ठरवावं. माझे नियम दोनच आहेत. भिंतीला खिळा मारायचा नाही आणि भिंतीवर काही काढायचं-चिकटवायचं नाही. नियम पाळतात का हे बघायला मी येता-जाता खिडकीतून आत डोकावायचे. भाडेकरूंच्या बायका खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावायच्या, त्याचं एक कारण मी होते.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर सात नंबरला एक जोडपं आलं. दरभंग्याकडचं. तो एका कंपनीत कंत्राटावर लागलेला, ती असेल वीस वर्षांची. सामान म्हणजे एक गादी, एक शेगडी आणि एक बादली. कुणाची आई नाही, कुणाचा भाऊ नाही, सोडायला कुणी आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पायरीवर येऊन बसली, समोरच्या लसणाच्या पाकळ्या न विचारता सोलायला लागली आणि म्हणाली, "हमारे घर से कोई नहीं आएगा, माँजी." मी काय ते समजले आणि जास्त विचारलं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी पायरीवर दोन माणसं दिसायला लागली.

त्याच पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, शिरूरला. मुलाला रजा मिळाली नाही. तो गाडी पाठवतो म्हणाला, आणि त्याने गाडी पाठवली. बरोबर आली ती ही. पट्टी बांधल्यावर एक अख्खा दिवस मला काही दिसत नव्हतं. तिने हाताला धरून मला मोरीत नेलं, घास भरवले. पुढचा महिनाभर दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकले, एक वेळ चुकली नाही. एकदा थेंब टाकून झाल्यावर ती वाकून माझ्या डाव्या डोळ्यात बघत राहिली. "इससे कुछ दिखता है, माँजी?"

मी म्हटलं, "उजाला दिखता है. आदमी नहीं दिखता."

त्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं होतं ते तिने ओढणीच्या टोकाने टिपलं. त्या डोळ्याला डॉक्टर सोडून कुणी हात लावल्याचं मला आठवत नाही. नवऱ्यानेही नव्हता लावला. ती उठून गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

महिना भरला, चष्मा मिळाला. जग एकदम स्वच्छ दिसायला लागलं, जळमटांसकट. मी शेवयांची खीर केली आणि वाटी घेऊन सात नंबरला गेले. दार उघडं होतं, ती पाण्याला गेली होती. मी आत पाऊल टाकलं.

समोरची भिंत वरपासून खालपर्यंत भरलेली होती. मोठं तांबडं कमळ, त्याच्या मधून वर गेलेला बांबू, पोपट, मासे, कासव, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. माझ्या भिंतीवर! आणि मी अजून नियमाचा विचार करत होते तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली. कोपऱ्यात एक बाई बसलेली होती. पदराने अर्धं तोंड झाकलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात एकच डोळा, भला मोठा, कानापर्यंत गेलेला. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. माझ्या हनुवटीवर आहेत तसेच. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं, तिथेही तीच. तिसऱ्यातही आणि चौथ्यातही तीच. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकडोळी घरमालकीण आत डोकावत होती.

खाई त्याला खवखवे. खिडकीतून मी डोकावत होतेच, त्यामुळे चित्राचा अर्थ लावायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. साठ वर्षांत जे पाठीमागे ऐकलं होतं, ते कुणीतरी रंगवून समोर मांडलं होतं. आणि ते तिने केलं होतं, हे मला सोसवेना. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी नुसती भांडले असते.

ती कळशी घेऊन आली. मला बघून आधी दचकली आणि मग हसली. पोरं वही दाखवायला आणतात तेव्हा हसतात तशी. मला त्या वेळी ते हसणं वेगळंच दिसलं.

"ये मैं हूँ?" मी विचारलं.

"हाँ माँजी, आप ही हैं. चारों तरफ आप."

"मेरा मज़ाक करती है? इतना किया मैंने, और मेरा डोळा काढती है भिंतीवर?"

ती घाबरून भरभर काहीतरी सांगायला लागली, अर्धं हिंदीत, अर्धं तिच्या बोलीत. मी म्हटलं, "कुछ मत बोल. चित्र में जो है वो मुझे दिखता है." तेव्हा ती धावत फळीकडे गेली आणि एक डबी घेऊन आली. झाकण उघडून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आत कुंकू होतं. विधवेच्या नाकासमोर कुंकू. मी डोक्यात राख घालून घेतली ती तिथे. तिचा हात झटकला, डबी उंबऱ्यावर आपटली आणि कुंकू सगळीकडे सांडलं. ती खाली बसून बोटांनी ते गोळा करायला लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी म्हणून टाकलं, "महिना संपायच्या आत खोली खाली करायची."

आठ दिवसांत ते गेले. निघताना ती एकटी आली. मी पायरीजवळच्या खुर्चीवर बसले होते. ती पाया पडायला वाकली आणि मी पाय वर घेतले, खुर्चीवर मांडी घातली. तिने माझ्या पायांच्या जागी जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि गेली. हे लिहितानासुद्धा माझे पाय आपोआप आखडतात.

खोली रंगवायला आमचा नेहमीचा रंगारी बोलावला. तो ब्रश घेऊन आत गेला आणि तसाच बाहेर आला. "बाई, हे द्येवाचं हाय का काय? कमाळ हाय, चंद्रसूर्य हायेत. म्या न्हाई ब्रश लावायचा. तुमी आधी कुनाला तरी इचारा."

"देवाबिवाचं काही नाही. लाव ब्रश."

"मंग तुमीच मारा," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

जाऊ बघायला आली. तिने उंबऱ्याबाहेरूनच नाकाला पदर लावला. "अवं ही करनी हाय. चार कोपऱ्याला चार बाया आन् उंबऱ्याला कुकू सांडलेलं. तुमच्या डोळ्यावर केलंय बगा. लिंबू उतरून टाका." डोळ्याचं ऑपरेशन छान झालंय, हे मी तिला दोनदा सांगितलं. मुलाला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, "भारी आहे गं. आदिवासी आर्ट का? सोसायटीतल्या लोकांना असलं फार आवडतं." कोपऱ्यातली बाई कोण, हे त्याने विचारलं नाही. आईचा चेहरा त्याला ओळखू आला नाही, का आला आणि तो बोलला नाही, ते मीही विचारलं नाही.

एका भिंतीवर तीन माणसांनी तीन गोष्टी बघितल्या आणि मला तिघांचीही कीव आली. खरं काय ते फक्त मला दिसतंय अशी माझी खात्री होती. मी सात नंबरला कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यात अडकवली. संध्याकाळी पायरीवर लसूण सोलायला बसले की शेजारी हात जायचा, तिथे कुणी नसायचं. औषधाचे उरलेले थेंब मी माझे मलाच टाकायचे. निम्मे गालावरून ओघळायचे. राग हा सोबतीला बरा असतो, पण तो सहा महिन्यांच्या वर टिकत नाही. तो ओसरला आणि मग मला फार एकटं वाटायला लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर जिला सांगितलं असतं तिलाच मी घालवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर एक बाई तिच्या मुलासाठी खोली शोधत आली. माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांत भांगभर शेंदूर, बोली ऐकून वाटलं तिकडचीच असावी. बाकीच्या सगळ्या भरलेल्या होत्या. रंग मारून घेईन, खोली बघून घ्या, असं म्हणून मी सात नंबर उघडली.

तिने आत बघितलं आणि चपला काढल्या. डोक्यावर पदर घेतला आणि मग एकदम हसली, सगळे दात दाखवून. "कोहबर!" ती म्हणाली. "यहाँ? इतनी दूर?" आणि हलकेच काहीतरी गुणगुणत भिंतीपाशी गेली. पोपटांवरून, माशांवरून हात फिरवत तिने मला सांगितलं. त्यांच्याकडे लग्न झालं की नवराबायको पहिले दिवस ज्या खोलीत राहतात, तिच्या भिंतीवर हे काढतात. आत्या, मावश्या, काकवा, शेजारणी सगळ्या जमतात, गाणी म्हणतात आणि चार हातांनी भिंत भरतात. नवरीने स्वतः काढायचं नसतं.

ती जरा मागे सरकली आणि तिचं हसणं गेलं. "ये तो एक ही हाथ का है. लड़की ने अकेले बनाया?"

मी मान हलवली. मग मी विचारलं, "और ये कोनेवाली?"

"ये जोगिन है. चारों कोने में बैठती है. आधा मुँह ढँका, एक आँख खुली. उस एक आँख के सामने किसी की बुरी नज़र नहीं टिकती. नए जोड़े की रखवाली यही करती है." ती कोपऱ्यातल्या बाईपुढे वाकली, हनुवटीवरचे ठिपके बघितले, किल्ल्या बघितल्या. मग वळून माझ्या हनुवटीकडे आणि माझ्या कमरेकडे बघितलं. भिंतीला हात टेकून मी खाली बसले.

थोड्या वेळाने तिनेच कमळाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे तळहाताएवढी जागा कोरी होती. ती मला त्या दिवशीही दिसली असणार, मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. "यहाँ बड़ी औरत सिंदूर का टीका देती है. पाँच. सबसे पहले वही होता है, उसके बाद बाकी सब. इसने सब बना लिया और जगह छोड़ दी. किसी की राह देखती होगी."

मी तिला डबीचं सांगितलं. दोन्ही हातांनी कशी धरली होती, तेही सांगितलं. ती माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. "ये टीका तो सुहागिन देती है," ती हळूच म्हणाली, आणि मग, "पर उसका और कौन था यहाँ."

"अभी दूँ तो चलेगा?" मी विचारलं.

तिने रिकाम्या खोलीकडे एकवार बघितलं. "अब किसके लिए, माँजी?" ती काही मला टोचून बोलली नाही. चपला घालून ती दुसरीकडे खोली बघायला गेली, दुसऱ्याच्या कोहबरमध्ये आपलं बिऱ्हाड लावायचं नसतं म्हणाली.

त्यानंतर मी शोध घेतला. फोन बंद होता. कंत्राटदाराने सांगितलं, पोरगा कधीच गेला, कुठे ते ठाऊक नाही. माझ्याकडे दोघांच्या आधारची झेरॉक्स आहे, तिच्यावर गावाचा पत्ता आहे. दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही ठेवून दिली. ज्या घरातून ती पळून आली त्या घराच्या दारात माझं पत्र पडलं, तर ती कुठे कुठे होती हे त्यांना मीच दाखवून दिल्यासारखं होईल. रखवालदाराने एवढं तरी करू नये.

एकदा कपाटातली डबी काढली. आठ वर्षांनी झाकण उघडलं, कुंकवाचा खडा झाला होता, तो बोटाने फोडला. सात नंबरमध्ये जाऊन कोऱ्या जागेपाशी बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं. तिला मी ते तिच्यासमोर द्यायला हवं होतं. बोट पदराला पुसलं, तो डाग त्या लुगड्यावर अजून आहे.

खोलीला विचारणा होते. परवा जाऊ म्हणाली, "सात लंबर बंदच दिसती. रिकामी हाय व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "दिलेली हाय."

"कुनाला? कुनी दिसंना ते."

"येतील," मी म्हटलं.

दर शुक्रवारी मी कुलूप काढते, खोली झाडते, खिडकी उघडून वारा घेते. चित्राला फडकं लावत नाही. मग मधोमध खाली बसते. चारही कोपऱ्यांतून माझा उघडा डोळा खोलीची राखण करत असतो, आणि खोलीत मी एकटीच असते.